फ्रँकोच्या उशाशी ठेवलेला हात

प्रिय मित्रा,

तू आता एम. ए. करतोस, म्हणजे खरं तर ‘सप्रेम नमस्कार’ लिहायला हवं. पण हाताला सवय आशीर्वादाची, तेव्हा तेच घे.

मसुदा दोनदा वाचला. मेहनत दिसते. पण हुकूमशहांची श्रद्धा खरी की राजकारणापुरती, याचा तू थेट तक्ताच मांडलास. डावीकडे खरे, उजवीकडे ढोंगी. मुसोलिनी उजवीकडे, त्याबद्दल माझं भांडण नाही. तरुणपणी ‘देव नाही’ म्हणून जाहीर वाद घालणाऱ्या या गृहस्थाने सत्ता आल्यावर 1923 मध्ये मुलांचे बाप्तिस्मे उरकले, 1925 मध्ये स्वतःच्याच बायकोशी पुन्हा एकदा, या वेळी चर्चच्या रीतीने, लग्न लावलं आणि 1929 मध्ये पोपशी लॅटरन करार केला, ज्याने व्हॅटिकनला स्वतंत्र राज्य मानलं. सगळा रोखीचा व्यवहार.

स्पेनचा हुकूमशहा फ्रँको, त्याला मात्र तू डावीकडे टाकून मोकळा झालास, आणि तिथेच तुझं प्रकरण लंगडतं.

तू पुरावा दिलास तो संत तेरेसाच्या हाताचा. पुरावा उत्तम आहे. आविलाच्या या सोळाव्या शतकातल्या संत बाईंचा, मृत्यूनंतर पवित्र अवशेष म्हणून जपलेला डावा हात, चांदीच्या, खडे जडवलेल्या हाताच्याच आकाराच्या वेष्टनात. स्पेनच्या यादवी युद्धात 1937 मध्ये मालागा शहर पडलं तेव्हा तो फ्रँकोच्या फौजांना सापडला. मूळचा रोंडाच्या मठातला. फ्रँकोने तो परत दिला नाही. पुढची अडतीस वर्षं तो त्याच्या खोलीत राहिला, प्रवासात बरोबर गेला. लोकांना दाखवायचं असतं तर काचेच्या कपाटात ठेवला असता. शयनगृहात कुणासाठी ठेवतो माणूस?

पण त्याच फ्रँकोबद्दल मोरोक्कोतल्या लष्करी दिवसांत काय म्हणत, तेही लिही: ना भीती, ना बायका, ना मिस्सा (म्हणजे चर्चमधली उपासना). आई धार्मिक, बायको धार्मिक, हा मात्र बेताचाच. 1936 च्या शरदात तो प्रजासत्ताक सरकारविरुद्ध उठलेल्या बंडखोरांचा प्रमुख झाला आणि मग घरात खासगी पाद्री आला, रोजची मिस्सा आली. चर्चमध्ये शिरताना डोक्यावर ते छत्र आलं, जे एरवी ख्रिस्ताचं शरीर मानलेल्या पवित्र भाकरीच्या मिरवणुकीवर धरतात. नाण्यांवर नावापुढे ‘देवाच्या कृपेने’ आलं. भक्ती आणि खुर्ची एकाच वर्षी वाढू लागल्या. मग हात खोटा का? नाही. माझ्या मते त्याला स्वतःलाच त्या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नव्हत्या.

आमच्या गावात एक सावकार होता. पहाटे पूजा, विष्णुसहस्रनाम, आणि गंधाचं बोट नीट न पुसताच व्याजाची वही उघडायची. वहीच्या पानांचे कोपरे पिवळे पडले होते. त्याची भक्ती खोटी, असं गावात कुणी म्हणत नव्हतं. तिच्यामुळे व्याज कमी होईल, असंही कुणी समजत नव्हतं. कर्जदारांना तुझा तक्ता कधी लागला नाही.

तेव्हा मनात काय होतं ते उकरू नकोस, ते हाती लागत नाही. श्रद्धेने त्याचा स्वतःचा हात कधी अडवला का, ते शोध. याची कागदपत्रं सापडतात. ऑक्टोबर 1936 मध्ये बास्क प्रदेशात फ्रँकोच्याच बाजूने डझनाहून अधिक पाद्र्यांना गोळ्या घातल्या. 1953 च्या व्हॅटिकन कराराने बिशप निवडताना नावं सुचवण्याचा त्याचा अधिकार पक्का झाला. शिक्षा झालेल्या पाद्र्याला इतर कैद्यांपासून वेगळं ठेवायचं, हेही त्याच करारात. त्यातून 1968 मध्ये झामोराला खास पाद्र्यांचा तुरुंग उघडला. स्वतःला चर्चचा तारणहार म्हणवणाऱ्या राजवटीत! (प्रजासत्ताकाच्या भागात 6,800 च्या आसपास धर्मगुरू व नन मारले गेले, हे वगळू नकोस. ते वगळलंस तर 1937 मध्ये बिशपांनी फ्रँकोच्या बाजूने काढलेलं पत्र नुसती लाचारी वाटेल.)

मग ये 1975 च्या सप्टेंबरला. पाच जणांना मृत्युदंड. सहाव्या पॉलने, म्हणजे खुद्द पोपने, दयेची विनंती केली. खऱ्या कॅथलिकाला याहून वरचा शब्द पृथ्वीवर कुठला? 27 तारखेला पाचही जणांना गोळ्या घातल्या. फ्रँकोच्या पक्षाच्या घटनेत आधीपासूनच लिहिलेलं होतं की प्रमुख उत्तरदायी आहे तो देवाला आणि इतिहासाला. पोपचं नाव त्यात नव्हतं, आणि स्पॅनिश माणसाचंही. ढोंगी माणसाला निदान सौदा करता येतो. याच्याशी कोण करणार?

जवळचं उदाहरण हवं असेल तर पाकिस्तानचा लष्करशहा झिया-उल-हक घे. नमाज चुकवत नसे, यावर त्याचे विरोधकही फार वाद घालत नाहीत. डिसेंबर 1984 मध्ये त्याने सार्वमत घेतलं. प्रश्न असा, की कायदे इस्लामनुसार करण्याची प्रक्रिया तुम्हाला मान्य आहे का? ‘हो’ म्हणालात की झिया पाच वर्षं राष्ट्राध्यक्ष. आता मुसलमान मतदाराने ‘नाही’ कसं म्हणायचं? तोच झिया 1980 मध्ये, बँकखात्यांतून सक्तीने जकात कापण्याविरुद्ध शिया इस्लामाबादेत जमले तेव्हा, नमला आणि त्यांना सूट दिली. अडवलं ते गर्दीने. यावर एक परिच्छेद पुरे, जास्त नको.

इराकच्या सद्दाम हुसेनने रक्ताने लिहवून घेतलेलं कुराण काढून टाक. चटकदार आहे, पण तुझ्या मुद्द्याला त्याने काही मिळत नाही.

शेवटाबद्दल. फ्रँको 20 नोव्हेंबर 1975 ला गेला. मृत्युपत्रात म्हणतो, कॅथलिक म्हणून जगायची आणि मरायची इच्छा होती. सगळ्यांची क्षमा मागतो, आणि मला शत्रू मानणाऱ्यांना मनापासून क्षमा करतो. तू हे पहिल्या पानावर घातलंस. उचल आणि 27 सप्टेंबरच्या लगेच खाली ठेव. मध्ये चोपन्न दिवस आहेत. तुझं एकही वाक्य तिथे घालू नकोस.

आणि झामोरा तळटीपेत आहे, तो वर मजकुरात घे. पुढचा मसुदा दिवाळीआधी पाठव, मग मी मुलीकडे जातो.

तुझा,
सर