बिअरच्या चोथ्यातून आम्ल काढता येईल का?

प्रश्न : वाळूजकडच्या बिअर कारखान्यातला बार्लीचा चोथा आम्ही म्हशींना घालतो. पुतण्या बायोटेक शिकतोय. तो म्हणतो, चोथा आंबवला की लॅक्टिक आम्ल मिळतं, त्याचं प्लास्टिक होतं. आपण छोटा प्लांट टाकू. जमेल का?
– एक पशुपालक, गंगापूर

उत्तर : पुतण्या खोटं सांगत नाही, अर्धं सांगतोय. बार्लीतली सहज सुटणारी साखर कारखान्यानं आधीच काढून घेतलेली असते, तिचीच तर बिअर होते. तुमच्या ट्रॉलीत पडतं ते टरफल, प्रथिनं आणि पाणी. शंभर किलोत ७५ ते ८० किलो पाणीच! उरलेल्यात साखर आहे, पण सेल्युलोज-हेमिसेल्युलोजच्या साखळ्यांत अडकलेली. आधी सौम्य आम्ल आणि दाबाखालची वाफ देऊन टरफल सैल करायचं, मग एन्झाइमनं, म्हणजे साखळ्या कापणाऱ्या जैविक पाचकांनी, त्या तोडायच्या. तेव्हा कुठे लॅक्टोबॅसिलसच्या, म्हणजे लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंच्या, तोंडी काही लागतं.

माझी उभी नोकरी फर्मेंटरपाशी, म्हणजे आंबवण्याच्या टाकीपाशी गेली, म्हणून पुढचंही सांगतो. आम्ल वाढलं की पीएच (आंबटपणा मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) उतरतो, आणि तो पाचाच्या खाली गेला की जिवाणू ढेपाळतात. त्यामुळे चुना सोडत राहावं लागतं. टाकीत साठतं ते कॅल्शियम लॅक्टेट. गार झालं की ते दाटतं आणि पाइपात बसतं. त्यातून आम्ल सोडवायला सल्फ्युरिक आम्ल घालायचं, की जिप्समचा चिखल हजर. टनभर लॅक्टिक आम्लामागे जवळपास टनभर! तो कुठे टाकणार, हे पुतण्याला जरूर विचारा. शिवाय प्लास्टिकसाठी लागणारं आम्ल फारच शुद्ध असावं लागतं. ती शुद्धी हा वेगळाच खर्च.

स्कॉटलंडमध्ये एका कंपनीनं व्हिस्कीच्या चोथ्यापासून ब्युटॅनॉल हे इंधन काढून २०१७ साली त्यावर मोटार चालवून दाखवली. पण त्या कंपनीचा जन्म एडिंबरातल्या नेपियर विद्यापीठातला, म्हणजे पाठीशी विद्यापीठाचं संशोधन होतं. असा प्लांट शोभतो तो कारखान्याच्या कुंपणाला लागून, जिथे वाफ आहे, सांडपाण्याची सोय आहे आणि वापरून झालेलं यीस्टही फुकटात मिळतं. जिवाणूंना नत्र लागतं, ते या यीस्टमधून भागतं. ऐंशी टक्के पाणी गंगापूरपर्यंत डिझेल जाळून आणायचं आणि मग त्याचं रसायन करायचं, हा हिशोब मला पटत नाही.

तुम्हाला लॅक्टिक आम्ल हवंच असेल तर मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवलेला चारा, करा. चोथा ताजा असतानाच कडब्याची कुट्टी मिसळा, म्हणजे जास्तीचं पाणी ती शोषून घेईल. हवा राहू न देता बॅगेत दाबून भरा, तोंड घट्ट बांधा आणि महिनाभर हात लावू नका. तेच जिवाणू, तेच आम्ल, आणि चोथा टिकतो. बॅग उघडल्यावर ताकासारखा आंबट वास यायला हवा. कुजकट वास आला किंवा हिरवी-काळी बुरशी दिसली, तर वरवर खरवडून बाकीचा घालण्याचा मोह नको. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष म्हशीच्या पोटातून दुधात उतरतं.