जुना मिक्सर हाती आल्यावर
जुन्या मिक्सरसोबत माहितीपुस्तिका आली नसली तरी काळजी करू नका. मात्र पहिल्याच दिवशी त्यात इडलीचे पीठ वाटायला घेऊ नका. आधी प्लग काढून वायर टोकापर्यंत नीट पाहा आणि ती कुठे चिरलेली किंवा टेपने गुंडाळलेली दिसली, तर बदलून घ्या. मग भांडे उलटे करून खालचा कपलर, म्हणजे पात्याला मोटरीशी जोडणारी दातेरी चकती, तपासा, कारण त्याचे दाते झिजून गोल झाले असतील, तर मोटर फिरते पण पाते जागचे हलत नाही, आणि नवख्या माणसाला वाटते की यंत्रच निकामी आहे. भांड्याच्या बुडाशी काळसर ओल असेल, तर दुरुस्तीशिवाय ते वापरू नये. ते पाणी मोटरीत उतरते.

वेगाची कळ शून्याच्या डावीकडे धरून ठेवली, तरच चालणारा झटका, म्हणजे पाते क्षणभर जोरात फिरवण्याची सोय, ओल्या खोबऱ्याच्या चटणीला मला सर्वांत योग्य वाटतो.

वाटता वाटता मिक्सर अचानक थांबला, तर घाबरू नका. बहुतेक मिक्सरच्या तळाशी एक लाल बटण असते आणि मोटरीवर ताण आला की ते बाहेर येते. कळ शून्यावर आणून, प्लग काढून, मोटर पूर्ण थंड झाल्यावर आणि भांड्यातले थोडे वाटण कमी केल्यावरच ते दाबावे.