लास वेगासहून ग्रँड कॅन्यनच्या नॉर्थ रिमला जाताना पाईप स्प्रिंगला थांबावं का, की नुसता जुना रँच आहे?

थांबा. दीड-दोन तास काढाच. "नुसता रँच" वाचून राहवलं नाही, कारण आमचे साडू तिथे उभं राहून हेच म्हणाले होते आणि तो वाद अजून मिटलेला नाही.

युटातलं हरिकेन गाव सोडलं की खिडकीबाहेर लाल माती न झुडपं, बाकी काही नाही, मग अ‍ॅरिझोनात 389 नंबरच्या रस्त्यावर पाईप स्प्रिंगचा किल्ला लागतो. साडू उतरल्या उतरल्या म्हणाले, याला किल्ला म्हणायचं? आता लहान आहेच तो, समोरासमोर दोन दुमजली दगडी घरं, मधे अंगण, दोन्ही टोकांना मोठे लाकडी दरवाजे, भिंतीत बंदुकीसाठी फटी. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे लोक उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचे, त्यात गुरंही यायची, ती राखायला त्यांचा प्रमुख ब्रिगहॅम यंगने 1870 मध्ये हा बांधायला घेतला. युटातल्या सेंट जॉर्जला त्यांचं मंदिर बांधणाऱ्या कामगारांना लोणी न चीज इथून जायचं.

पण खरी गोष्ट खालच्या खोलीत आहे. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत एकदम गार, कारण झऱ्याचं पाणी बैठकीच्या खोलीखालून या खोलीत आणलेलं, चीज इथेच ठेवायचे. म्हणजे किल्ला मुद्दाम झऱ्याच्या डोक्यावरच बांधलाय! साडू खूश. म्हणाले, बघा, ओसाड वाळवंटात माणसाने मनात आणलं तर काय होतं.

ओसाड कुठलं? इथले मूळ रहिवासी कैबाब पायूट लोक या पाण्यावर आधीपासून मका, भोपळा लावत होते. पाणी भिंतीआड गेलं, ज्या गवताचं बी गोळा करून ते खायचे ते गुरांनी संपवलं. 1907 मध्ये त्यांना रिझर्व्हेशन, म्हणजे राखीव जमीन, मिळालं, 1923 मध्ये त्याच्याच पोटात ही 40 एकर जागा राष्ट्रीय स्मारक झाली, आणि 1933 मध्ये पाण्याचे तीन वाटे केले, स्मारक, पायूट आणि गुरंवाले. मूळ मालकाला तिसरा हिस्सा! यावर साडू म्हणे, निदान दिला तरी.

मी माणचा, टँकरमागे धावलेला. साडूंच्या आजोबांनी ओढ्याच्या उगमालाच विहीर पाडली, ऊस लावला, आणि त्यांच्या घरात आजही "आम्ही माळ फुलवला" हेच चालतं. खालच्या वस्तीच्या विहिरी का आटल्या ते कुणी काढत नाही. हे मी तिथेच बोलून टाकलं, बायको मागून शर्ट ओढत होती तरी.

असो. किल्ला बांधणाऱ्यांची हल्ल्याची भीती खोटी होती असं नाही, 1866 मध्ये तिथला रँचवाला व्हिटमोर आणि त्याचा साथीदार मारले गेले होते. आणि म्युझियम पायूट लोक आणि सरकारी नॅशनल पार्क सर्व्हिस मिळून चालवतात, दोन्ही बाजू मांडल्यात, त्यामुळे आधी ते बघा, मग किल्ला. मुलं असतील तर तारेची खोली दाखवा, 1871 मध्ये अ‍ॅरिझोनातलं पहिलं तार ऑफिस तिथे सुरू झालं.

उन्हाळ्यात युटामधून जाताना फोन तासभर पुढे जातो आणि अ‍ॅरिझोनात परत मागे येतो, टूर त्या हिशेबाने धरा. नॉर्थ रिमचं लॉज 2025 च्या आगीत जळालंय, तिथे काय उघडं आहे ते निघण्याआधी बघून घ्या. आणि गाडीत कुणी ऊसवाला असेल तर त्याला म्युझियममधून लवकर बाहेर पडू देऊ नका.