लहान राष्ट्रांत ‘सामाईक’ काय आणि ‘समान’ काय?

‘वेगवेगळ्या खंडांतील लहान राष्ट्रांमध्ये सामाईक काय आहे?’ असे वाक्य एका वाचकाने भाषांतर करताना लिहिले. त्यातला ‘सामाईक’ बरोबर आहे की तेथे ‘समान’ हवा, आणि शब्द ‘सामाईक’ असा लिहावा की ‘सामायिक’, असे त्यांनी विचारले आहे. माझ्या मते त्या वाक्यात या दोन्हींपेक्षा ‘साम्य’ हा शब्द योग्य आहे: ‘वेगवेगळ्या खंडांतील लहान राष्ट्रांमध्ये कोणते साम्य आढळते?’ मात्र या राष्ट्रांविषयी लिहिताना तिन्ही शब्द लागतात आणि प्रत्येकाची जागा वेगळी असते, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

भूमितीतले उदाहरण सर्वांत स्वच्छ आहे. दोन त्रिकोण एकमेकांना लागून काढले आणि मधली रेषा दोघांचीही बाजू असली, तर ती त्यांची सामाईक बाजू होय. रेषा एकच असते आणि ती पुसली तर दोन्ही त्रिकोण मोडतात. तेच दोन त्रिकोण कागदाच्या दोन टोकांना काढले आणि दोघांची एकेक बाजू ५ सेंटिमीटरची असली, तर त्या बाजू समान आहेत, पण सामाईक नाहीत. ‘मसावि’ (महत्तम सामाईक विभाजक) यातले ‘सा’ही याच अर्थाचे आहे, कारण १२ आणि १८ यांना नि:शेष भागणारी ६ ही सर्वांत मोठी संख्या दोघांच्याही विभाजकांत असते. भिंत, जिना, खाते सामाईक असते तेव्हा वस्तू एक आणि हक्कदार अनेक, हाच त्याचा अर्थ असतो.

आता आफ्रिकेतील लेसोथो आणि आशियातील भूतान यांच्याकडे पाहू. दोन्ही डोंगराळ आहेत, दोन्हींना समुद्रकिनारा नाही, दोन्हींत राजा आहे. एकाचे क्षेत्रफळ सुमारे ३० हजार चौरस किलोमीटर, तर दुसऱ्याचे सुमारे ३८ हजार. लेसोथोचे लोटी हे चलन दक्षिण आफ्रिकेच्या रँडशी एकास एक या दराने बांधलेले आहे, तर भूतानचे ङुलट्रुम भारतीय रुपयाशी त्याच दराने. लेसोथो १९८६ च्या करारानुसार आपल्या पर्वतांतले पाणी धरणांत अडवून बोगद्यांतून दक्षिण आफ्रिकेला विकतो. भूतान आपल्या नद्यांवर वीज निर्माण करून ती भारताला विकतो. उंचावरून वाहणारे पाणी हीच मोठी संपत्ती आणि ती घेणारा एकच मोठा शेजारी, असे हे विलक्षण जुळणारे चित्र आहे. तरीही लोटी आणि ङुलट्रुम यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, आणि एका देशाचे पाणी दुसऱ्या देशाच्या धरणात जात नाही. दोघांच्या मालकीची अशी एकही वस्तू येथे नाही. म्हणून हे सारे साम्य आहे. त्याला सामाईक म्हटले, तर जणू दोघांचा काही भागीदारीचा व्यवहार आहे असे वाचकाला वाटेल.

खरोखर सामाईक काय असते, ते कॅरिबियन समुद्रात दिसते. सेंट लुशिया, ग्रेनेडा, डॉमिनिका, सेंट किट्स आणि नेव्हिस अशा छोट्या बेटराष्ट्रांनी पूर्व कॅरिबियन डॉलर हे एकच चलन आणि १९८३ पासून एकच मध्यवर्ती बँक ठेवली आहे. १९७६ पासून अमेरिकेच्या एका डॉलरला २.७० हा दरही सर्वांसाठी एकच आहे. पॅसिफिकमधील बेटांनी १९६८ मध्ये स्थापन झालेले दक्षिण पॅसिफिक विद्यापीठ असेच मिळून चालवले आहे. हे चलन आणि हे विद्यापीठ सामाईक आहे, असे नि:शंकपणे लिहावे. स्वित्झर्लंडशेजारच्या लिक्टेनस्टाइनचे उदाहरण मात्र ‘सामाईक’ या अर्थाच्या सीमेवरचे आहे. तेथे स्विस फ्रँकच चालतो, पण तो चलनात आणण्याचा अधिकार स्वित्झर्लंडकडेच आहे. म्हणून तेथे मी ‘सामाईक चलन’ न लिहिता ‘लिक्टेनस्टाइन स्विस फ्रँक वापरतो’ असे सरळ लिहीन.

‘सामान्य’ आणि ‘साधारण’ हे शब्दही कोणी सुचवतील. अलंकारशास्त्रात उपमेय आणि उपमान या दोहोंत आढळणाऱ्या गुणाला ‘साधारण धर्म’ म्हणतात, आणि नेमकेपणात त्याला तोड नाही. परंतु आजच्या मराठीत दोन्ही शब्दांना ‘बेताचा’ असा अर्थ चिकटला असल्यामुळे ‘लहान राष्ट्रांचे सामान्य गुण’ हे वाक्य त्या राष्ट्रांना कमी लेखणारे वाटते, जे मला तरी मुळीच आवडणार नाही. लेखनाविषयी एवढेच की ‘सामाईक’ हेच रूप ठेवावे. ‘सामायिक’ हे जैन परंपरेतील समभावाच्या व्रताचे नाव आहे.

‘समान’ हा शब्द दर्जाचा आणि हक्काचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे दुसरे कलम सदस्यांच्या सार्वभौम समानतेवर उभे आहे. ‘सार्वभौम’ म्हणजे मुळात सर्व भूमीचा स्वामी, चक्रवर्ती सम्राट. तोच शब्द आज पॅसिफिकमधील २१ चौरस किलोमीटरच्या नाउरूलाही पूर्ण अर्थाने लागतो, आणि १९९९ मध्ये सदस्य झाल्यापासून आमसभेत त्याच्या एका मताचे मोल कोणत्याही महासत्तेच्या मताएवढेच आहे. ही मते समान आहेत. प्रत्येकाचे मत त्याचे स्वतःचे असल्यामुळे ती सामाईक होऊ शकत नाहीत.

या दोन शब्दांची गल्लत सर्वाधिक कोठे नडते, तेही एका लहान राष्ट्रामुळेच दाखवता येते. माल्टा १९६४ मध्ये स्वतंत्र झाला आणि तीनच वर्षांनी, १९६७ मध्ये, त्याचे प्रतिनिधी आर्विद पार्दो यांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडले की राष्ट्रांच्या हद्दीपलीकडचा समुद्रतळ हा साऱ्या मानवजातीचा वारसा मानावा. १९८२ च्या समुद्रविषयक करारात ते तत्त्व १३६ व्या कलमात आले. त्यातल्या ‘common heritage’ या इंग्रजी शब्दांचे मराठी ‘समान वारसा’ असे केले, तर समुद्रतळाचे सारखे तुकडे पाडून प्रत्येकाला एकेक द्यायचा आहे, असा अर्थ निघतो. पार्दो यांचे म्हणणे तर समुद्रतळाचे तुकडेच पडू नयेत असे होते, आणि त्यासाठी मराठीत ‘सामाईक वारसा’ असेच लिहावे लागते.