घरचा सर्व्हर: आधी एवढंच करा

घरचा सर्व्हर म्हणजे आपले सिनेमे, फोटो सांभाळायला घरातच सतत चालू ठेवलेला कॉम्प्युटर. त्यासाठी नवीन काही विकत घेऊ नका. कपाटातला जुना लॅपटॉप पुरे, ४ जीबी रॅमवरही सुरुवात होते. बॅटरी धड असेल तर वीज गेल्यावर तीच यूपीएस. (फुगलेली असेल तर आधी काढून टाका.) लॅपटॉपवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) चढवा, मग डॉकर (प्रत्येक ॲप आपापल्या डब्यात चालवणारं साधन).

पहिल्याच रविवारी दहा गोष्टी बसवायचा मोह होतो. मीही बसवल्या, सोमवारी ऑफिसात बायकोचा फोन, "घरचं नेट गेलंय!" नेट ठीक होतं. राउटरचा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणं) मी पाय-होलकडे, म्हणजे जाहिराती अडवणाऱ्या ॲपकडे वळवला होता आणि ते ज्यावर चालतं ते मशीनच बंद पडलं होतं. म्हणून एकच निवडा. सिनेमे-गाण्यांसाठी जेलीफिन सोपं. फोटोंचं इमिच छान आहे, पण ४ जीबीत दमतं.

नेहमीच्या चुका:

- बाहेरून बघता यावं म्हणून राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडणं. आपल्याकडे बऱ्याच जोडण्या सीजीनॅटमागे (कंपनी अनेक घरांना एकच बाहेरचा पत्ता देते) असतात, तिथे ते चालतच नाही. टेलस्केल (आपल्या उपकरणांना जोडणारं खाजगी नेटवर्क) वापरा. त्याचा उपकरणांची गाठ घालून देणारा मधला सर्व्हर मुक्तस्रोत नाही, तो वाद नंतर घालू.
- रेडला (RAID, इथे दोन डिस्कवर एकच माहिती एकाच वेळी लिहिणं) बॅकअप समजणं. चुकून पुसलेला फोटो दोन्ही डिस्कवरून जातो. वेगळ्या डिस्कवर प्रत ठेवा आणि त्यातली एखादी फाइल परत आणून बघा.
- इमिच चालू होताच गूगल फोटोज रिकामं करणं. निदान सहा महिने थांबा.

रिव्हर्स प्रॉक्सी, झेडएफएस, कुबरनेटीज ही पुढची, गुंतागुंतीची साधनं आत्ता नकोच. जेलीफिन महिनाभर न कुरकुरता चाललं की पुढचं विचारा.