वाचकांचे प्रश्न : दांडा की तार?

प्रश्न : माझ्या नव्या गाडीचे स्टेअरिंग इलेक्ट्रॉनिक असून चाकांशी त्याचा संबंध केवळ तारांचा आहे, असे आमच्या गॅरेजवाल्याने सांगितले. यवतेश्वरच्या घाटात बॅटरीने दगा दिला, तर गाडी वळणारच नाही काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या गॅरेजवाल्याने दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ केली आहे. आपल्याकडच्या बहुतेक नव्या गाड्यांत असते ते इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग. त्यात स्टेअरिंगचा दांडा, पिनियन (दांड्याच्या टोकाचे दातेरी चक्र), रॅक (त्याने सरकणारी दातेरी पट्टी) आणि टाय रॉड (पट्टीला चाकांशी जोडणारे दांडे) ही साखळी जुन्या मारुती ८०० प्रमाणेच शाबूत असते आणि मोटर फक्त हाताला जोर पुरवते. खात्री करायची असल्यास गाडी सपाट जागी उभी करून, चावी फिरवून स्टेअरिंगचे कुलूप सोडवावे आणि इंजिन सुरू न करता स्टेअरिंग वळवून पाहावे. दंड भरून येतील, पण चाके वळतील. घाटातही तेच होईल. (डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करणारी मंडळी हा जडपणा, आणि ब्रेकचा घटलेला जोरही, आपल्या हाताने ओढवून घेतात.)

खरोखर तारेवर चालणाऱ्या पद्धतीला ‘स्टिअर-बाय-वायर’ म्हणतात. २०१३ मध्ये आलेल्या इन्फिनिटी क्यू५० या गाडीत ती होती, मात्र दांडा काढलेला नव्हता. एरवी क्लचने सुटा राहणारा तो दांडा बिघाड झाल्यास जोडला जाई. २०२३ च्या अखेरीस ग्राहकांच्या हाती पडलेल्या टेस्लाच्या सायबरट्रकमध्ये तोही नाही. तेथे हात किती वळला हे सेन्सर मोजतात, त्यानुसार संगणक चाके वळवणाऱ्या मोटरना हुकूम सोडतो आणि स्टेअरिंगजवळची आणखी एक मोटर रस्त्याचा विरोध हाताला कृत्रिमरीत्या जाणवून देते. एक भाग निकामी झाला तरी दुसऱ्याने काम निभावावे, म्हणून महत्त्वाचे भाग जोडीने बसवलेले असतात. वेग कमी असताना थोड्याशा वळवण्याने चाके बरीच वळतात, त्यामुळे नागमोडी वळणावर हातावर हात टाकत स्टेअरिंग फिरवावे लागत नाही. हा लाभ मोठाच आहे. तरीही मोटरने हाताला दिलेली जाणीव ही शेवटी संगणकाने ठरवलेली असते, आणि पावसाळ्यात घाटातील निसरडा रस्ता हातांनीच ओळखणाऱ्या चालकाला ती पुरेशी वाटेल, असे मला वाटत नाही.

आपल्या गाडीपुरते सांगायचे, तर डॅशबोर्डवरील स्टेअरिंगचे चिन्ह पेटलेलेच राहिले आणि स्टेअरिंग जड लागू लागले, तर घाटात शिरण्यापूर्वी बॅटरीची टर्मिनले व अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारे यंत्र) तपासून घ्यावेत.