शेवाळ झाडून काढू नकोस

पोरा, खानापूरहून कारवारला आलास आणि पहिल्याच दिवशी किनारा झाडायला निघालास, म्हणून लिहितोय. वाहून आलेलं शेवाळ म्हणजे कचरा नव्हे. प्लास्टिक, जाळ्यांचे तुकडे हातानं वेच, शेवाळ राहू दे.

भरतीच्या रेषेच्या वर, वाळूच्या टेकडीच्या पायथ्याशी ते पातळ अंथर, आपण शेतात पालापाचोळा पसरतो तसं. उडती वाळू त्यात अडकते. वारा सुटला की जवळ बसून बघ: प्रत्येक झुपक्याच्या आडोशाला वाळूची बारीक शेपटी धरलेली दिसते. टेकडीची सुरुवात तीच. जाड ढीग मात्र आतून कुजतो. मी पहिल्या वर्षी तेच केलं, खालची मर्यादवेल, म्हणजे वाळूवर पसरणारी वेल, गुदमरून मेली. अजून वाईट वाटतं. कारण शेवाळ कुजून खत होतं खरं, पण वाळू कायमची धरते ती मर्यादवेलच.

पावसाळ्यात समुद्र पायथा खातो, म्हणून काम दसऱ्यानंतरच काढ. जेसीबी अजिबात नको. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. माग दिसला की तिथून लांब राहा. आणि २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत या टेकड्यांना सगळ्यात कडक संरक्षण आहे, तेव्हा आधी परवानगी घे.